हिंगोलीच्या हवेतला कार्बन मोजताना

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली एक यंत्र हमखास दिसतं. पुठ्ठ्याचा डबा, आत आर्डुइनोचा बोर्ड, बाहेर डोकावणारा जाळीचा गोल सेन्सर आणि छोट्या पडद्यावर 'कार्बन डायऑक्साइड' या शब्दांपुढे पळणारा आकडा. मुलांनी मन लावून काम केलेलं असतं, शिक्षकांनी पदरचे पैसे घातलेले असतात. पण तो जाळीचा सेन्सर बहुतेक वेळा एमक्यू-१३५ असतो, आणि तो कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. त्याच्या आत टिन ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. अमोनिया, अल्कोहोलची वाफ, धूर यांपैकी काहीही त्यावर आलं की थराचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाला कुणीतरी लिहिलेलं सूत्र लावून पडद्यावर आकडा येतो. जवळ उदबत्ती लावली तर तो चढतो. कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तर त्याला पत्ताही लागत नाही.

हा लेख त्या शिक्षकांसाठी आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राचे विभाग, नगरपालिकेत 'माझी वसुंधरा' अभियानाचं काम बघणारी मंडळी आणि स्वतःच्या गावाची हवा मोजावी असं मनापासून वाटणारे तरुण यांच्यासाठीही आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी यांसारख्या गावांत कमी खर्चाच्या सेन्सरांचं जाळं उभारता येतं. मात्र त्या जाळ्याकडून काय मिळेल हे पैसे खर्च करण्याआधी नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर वर्षभर आकडे साठतात आणि त्यातून काहीच निघत नाही.

सरकारी आकडे याबाबतीत मदतीला येत नाहीत. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकं आहेत, त्यांत कार्बन डायऑक्साइड नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरं आली, मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. हिंगोली त्यात नाही, आणि त्या कार्यक्रमाचं लक्षही हवेतल्या धूलिकणांवर आहे. म्हणजे आपल्या गावाचा कार्बन कुणी मोजायचा, तर आपणच.

आधी कागदावर हिशोब

२०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार. उदाहरणापुरतं धरू की शहरात दिवसाला ४० हजार लिटर पेट्रोल-डिझेल जळतं. खरा आकडा काढायची रीत पुढे येईलच. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सरासरी अडीच किलो धरला तर दिवसाला १०० टन, म्हणजे सेकंदाला सव्वा किलोपेक्षा थोडा कमी.

आता दुपारची वेळ घ्या. शहराची रुंदी तीन किलोमीटर, वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटर, आणि उन्हामुळे हवा जमिनीपासून एक किलोमीटर उंचीपर्यंत घुसळलेली. शहरावरून सेकंदाला ६० लाख घनमीटर हवा वाहून जाते. तेवढ्या हवेत तो सव्वा किलो वायू मिसळला तर त्याचं प्रमाण वाढतं जेमतेम ०.१ पीपीएमने. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे किती रेणू. आणि बाजारात मिळणाऱ्या चांगल्या स्वस्त सेन्सरची कंपनीनेच सांगितलेली चूक असते ४० पीपीएमच्या आसपास, शिवाय वाचनाच्या तीन ते पाच टक्के.

हा हिशोब मी मुद्दाम आधी मांडतो आहे. पहाटे वारा सेकंदाला एक मीटरवर आला आणि हवेचा थर शंभर मीटरवर दबला, तर तेवढ्याच धुराने वाढ वीसपट होते, म्हणजे दोन-अडीच पीपीएम. तीही स्वस्त सेन्सरच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा 'हिंगोली शहर वर्षाला इतके टन कार्बन सोडतं' हे उत्तर या जाळ्याकडून मागू नका. ते उत्तर इंधनाच्या हिशोबातून काढायचं.

मग सेन्सर कशासाठी? कुठे आणि केव्हा, यासाठी. धूर पसरायच्या आत सेन्सरपर्यंत पोहोचतो अशा जागी, म्हणजे गर्दीचा चौक, एसटीचं आगार, ट्रॅक्टरांची रांग लागलेला मार्केट यार्ड, संध्याकाळी पेटणारा कचऱ्याचा ढीग अशा ठिकाणी, थंडीतल्या शांत हवेत वाढ दहा-वीस पीपीएम, कधी पन्नासही असू शकते. ती नीट सांभाळलेल्या स्वस्त सेन्सरला दिसते. इंधनाची वही एकूण किती ते सांगते, सेन्सर कुठल्या जागी आणि कुठल्या तासाला ते सांगतो. दोन्ही मिळून नगरपालिकेला काही ठरवता येतं.

मोठ्या शहरांनी याच्या पुढे मजल मारली आहे. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठातल्या रोनाल्ड कोहेन यांच्या गटाने साधारण दर दोन किलोमीटरवर एक असे सेन्सर बसवले, त्यातले बरेच शाळांच्या गच्चीवर. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातलं उत्सर्जन सुमारे पाव भागाने घटल्याचं त्या जाळ्याने दाखवलं. पण त्यांचे सेन्सर आपल्याला परवडणाऱ्या सेन्सरांच्या कितीतरी पट महाग आहेत, शहर प्रचंड आहे आणि आकड्यांमागे वाऱ्याचं संगणकी प्रारूप आहे. आपल्याला जवळचं उदाहरण स्वित्झर्लंडचं. तिथे एम्पा या संस्थेने खरोखरच स्वस्त असे सुमारे ३०० सेन्सर देशभर, त्यातले पुष्कळ झुरिकमध्ये लावले. वर्षानुवर्षं दुरुस्त्या करूनही त्यांची चूक ८ ते १२ पीपीएमच्या खाली फारशी आली नाही, आणि हे त्यांनी उघडपणे लिहून ठेवलं. हिंगोलीत काम सुरू करणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लावावा. झुरिकच्या प्रयोगशाळेला जे साधलं, त्यापेक्षा चांगलं आपल्याला पहिल्या वर्षी साधणार नाही.

सेन्सर घेताना

दुकानदाराला 'सीओटू सेन्सर द्या' म्हणू नका, 'एनडीआयआर सेन्सर द्या' म्हणा. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषतो. या सेन्सरच्या आत छोटा दिवा असतो, समोर त्या किरणांपुरतं उघडं असलेलं गाळणं आणि ग्राहक. मधल्या हवेत वायू जितका जास्त, तितका प्रकाश कमी पोहोचतो. स्वीडनच्या सेन्सएअरचा एस-८, स्वित्झर्लंडच्या सेन्सिरिऑनचा एससीडी-३० आणि चीनच्या विनसेनचा एमएच-झेड-१९ हे या जातीचे आहेत. त्यांची किंमत हजारांत असते. सेन्सिरिऑनचा एससीडी-४१ वेगळ्या रीतीने, म्हणजे वायूने किरण शोषल्यावर उमटणाऱ्या सूक्ष्म ध्वनीवरून मोजतो, तोही खराच सेन्सर आहे. सीसीएस-८११ किंवा एसजीपी-३० यांच्या जाहिरातीत 'ईसीओटू' असं लिहिलेलं असतं. ते दुसऱ्याच वायूंवरून बांधलेला अंदाज देतात. बंद खोलीत माणसं किती आहेत याचा थोडासा सुगावा त्यावरून लागतो, रस्त्यावरच्या मापनाला त्यांचा काही उपयोग नाही.

प्रत्येक सेन्सरसोबत हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारा बीएमई-२८० घ्या. त्याच्या नावाखाली बीएमपी-२८० विकला जातो, त्यात आर्द्रतेचं मापन नसतं, हे घेतानाच तपासा.

दाब का हवा? हा सेन्सर डब्यातल्या हवेत वायूचे रेणू किती आहेत ते बघतो. हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथला हवेचा दाब ९६० हेक्टोपास्कलच्या जवळपास असतो. सेन्सरचं अंशांकन मात्र समुद्रसपाटीच्या १०१३ हेक्टोपास्कलला धरून केलेलं असतं. त्यामुळे काहीच दुरुस्ती केली नाही तर ४२५ च्या जागी तो ४०३ च्या आसपास दाखवणार. अशा वेळी सेन्सर खराब निघाला म्हणून परत पाठवू नका. वाचनाला १०१३ ने गुणा आणि त्या क्षणीच्या दाबाने भागा. एससीडी-३० सारख्या काही सेन्सरांना दाबाचा आकडा आधीच भरून देता येतो. तो भरला असेल तर पुन्हा दुरुस्ती करू नका, एकच दुरुस्ती दोनदा होते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. हवेत वाफ तीन टक्क्यांच्या वर गेली की तेवढ्या जागेत बाकी सगळे वायू कमी मावतात. ४२० पीपीएमवर हा फरक १३-१४ पीपीएम होतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर आकडा खाली आला तर झाडांनी कार्बन शोषला असं लगेच लिहू नका, आधी वाफेचा हिस्सा वजा करा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. यांतल्या बऱ्याच सेन्सरांत 'आपोआप दुरुस्ती' नावाची सोय कारखान्यातूनच चालू करून दिलेली असते. गेल्या आठवडाभरातलं सगळ्यात कमी वाचन म्हणजे ताजी हवा, ती ४०० पीपीएम, असं धरून सेन्सर स्वतःला सरकवत राहतो. एमएच-झेड-१९ तर हे रोज करतो. कार्यालयातल्या वातानुकूलनासाठी ही सोय ठीक आहे, कारण रात्री खोली रिकामी होते. आपल्या कामात ती घातक आहे. खालची पातळी किती बदलते, हेच आपल्याला बघायचं आहे. सेन्सर लावण्याआधी ही दुरुस्ती बंद करा. कशी करायची ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. हवाई बेटावर चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा प्रमाण ३१५ च्या आसपास होतं, आज जगाची सरासरी ४२० च्या पुढे गेली आहे. म्हणजे ४०० हा आकडा आता जवळपास कुठल्याच मोकळ्या हवेचा राहिलेला नाही, तरी सेन्सर त्यालाच धरून बसतो.

पेटी, वीज आणि जागा

पेटी पांढरी हवी, चारी बाजूंनी झडपांसारख्या फटी हव्यात, वर छप्पर आणि खाली बारीक स्टीलची जाळी. वेधशाळेतली तापमापकाची पेटी पाहिली असेल तर तोच नमुना लहान करायचा. एप्रिल-मेच्या उन्हात बंद प्लास्टिकचा डबा आतून पन्नाशी ओलांडतो आणि सेन्सरचं वाचन भरकटतं. जाळी नसली तर मुंग्या, पाली, कोळी आणि गांधीलमाश्या महिन्याभरात आत घर करतात. मार्केट यार्डाजवळ हळदीची धूळ बारीक असते, तिथली जाळी पंधरा दिवसांनी झटकावी लागते. झटकताना सेन्सरवर श्वास सोडू नका. आपल्या उच्छ्वासात चार टक्के, म्हणजे ४० हजार पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. सफाईची वेळ वहीत लिहा आणि पुढच्या अर्ध्या तासाचं वाचन बाजूला ठेवा.

लोडशेडिंग गृहीत धरूनच मांडणी करा. छोटं सौरपटल आणि बॅटरी, किंवा वीज गेली तरी दिवसभर पुरेल अशी बॅटरी. वायफायवर सगळा भरवसा टाकू नका. वाचन आधी मेमरी कार्डावर उतरलं पाहिजे, मग जमेल तेव्हा इंटरनेटवर. घड्याळाचं वेगळं मॉड्यूल लावा, कारण वीज गेल्यावर वेळ चुकली की ती नोंद कुठल्याच कामाची राहत नाही. शहराबाहेरच्या जागांसाठी लोरा हा कमी विजेत दूरवर वाचनं पाठवणारा रेडिओ वापरता येतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची पट्टी त्यासाठी परवान्याविना खुली आहे.

जागा किती? हिंगोलीसारख्या शहरासाठी आठ जागा आणि दोन राखीव सेन्सर. बसस्थानकाजवळ एक, इंदिरा गांधी चौकासारख्या वर्दळीच्या चौकात एक, संत नामदेव हळद मार्केट यार्डात एक, कचरा टाकायच्या जागेच्या किंवा वीटभट्ट्यांच्या बाजूला एक, आणि मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या दोन वस्त्यांत एकेक. उरलेले दोन शहराबाहेर. या दोघांवर सगळं अवलंबून आहे, तरी नेमके तेच गाळले जातात, कारण तिथे 'काही घडत नाही'. आपल्याला हवा आहे तो फरक, शहरातला आकडा वजा बाहेरचा आकडा.

दोन का, तर वारा बदलतो म्हणून. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पश्चिम-नैऋत्येचा वारा असतो, हिवाळ्यात ईशान्य-पूर्वेचा. गोव्याच्या काबो दि रामा इथे १९९३ पासून काही वर्षं काचेच्या कुप्यांत हवा भरून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेकडे तपासणीला जात असे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने घेऊ लागली. या नोंदींत वाऱ्यांचा हा पालट स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात समुद्रावरून येणारी हवा, थंडीत जमिनीवरून फिरून आलेली. म्हणून बाहेरचा एक सेन्सर शहराच्या नैऋत्येला, दुसरा ईशान्येला. त्या दिवशी वारा ज्याच्याकडून शहराकडे येतो, तो त्या दिवसाचा आधार. वाऱ्याची दिशा महसूल मंडळांतल्या 'महावेध' हवामान केंद्रांवरून मिळते. तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचं कृषी विद्यापीठ यांच्याशीही बोलून ठेवा.

पेटी गच्चीवर किंवा खांबावर, जमिनीपासून तीन ते सहा मीटरवर असावी. एसीचा झोत, स्वयंपाकघराचा पंखा, जनरेटर आणि माणसं उभी राहतात ती जागा टाळा. चौकातल्या हॉटेलाच्या भट्टीवर लावलेला सेन्सर त्या भट्टीचाच हिशोब ठेवेल.

पंधरा दिवस एकाच गच्चीवर

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून प्रोटॉनपेक्षाही बारीक हालचाल पकडायची आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत गुरुत्वीय लहर सापडली ती खरी मानण्यामागे एक मोठं कारण होतं. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या, एकमेकींपासून तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या दोन यंत्रांनी काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने तोच आकार नोंदवला होता. एकाच यंत्राने पाहिलं असतं तर शंका उरली असती. ही शिस्त आपल्या जिल्ह्यात येते आहे, आणि ती पाळायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

सेन्सर आले की ते लगेच जागोजागी नेऊ नका. सगळेच्या सगळे एका गच्चीवर, एकमेकांना खेटून, पंधरा दिवस चालवा. हवा एकच असली तरी दहा सेन्सर दहा आकडे दाखवतील, त्यांत साठ-सत्तर पीपीएमचा फरक सहज असेल. मुलं यावेळी निराश होतात. शिक्षकांनी त्यांना धीर द्यावा, कारण सगळ्या कामाचा पाया इथेच पडतो. दर तासाला दहाही वाचनांचा मध्यक काढा. सरासरी घेऊ नका, एखादा बिघडलेला सेन्सर ती ओढून नेतो. मग प्रत्येक सेन्सर त्या मध्यकापेक्षा किती वर किंवा खाली आहे, आणि तो फरक तापमानाबरोबर बदलतो का, हे एक्सेलमध्ये आलेख काढून बघा. प्रत्येकाची एक दुरुस्ती ठरेल: इतके वजा, प्रत्येक अंशामागे इतके अधिक. ती सेन्सरच्या क्रमांकासह पेटीवर चिकटवा आणि वहीतही लिहा. एखादा सेन्सर कुठल्याच सूत्रात बसत नसेल तर तो वर्गखोलीत लावा. चाळीस मुलांच्या बंद खोलीत आकडा हजारावर, कधी दोन हजारांपर्यंत जातो आणि खिडक्या उघडल्या की पडतो. तेवढा फरक त्यालाही दिसतो, आणि मुलांना खिडकी उघडी ठेवण्याचं कारण समजतं.

राखीव दोनपैकी एक सेन्सर फिरता ठेवा. दर आठवड्याला तो एका जागी जातो, तिथल्या सेन्सरशेजारी दोन दिवस राहतो आणि पुढे जातो. कुठला सेन्सर सरकू लागला आहे ते त्यामुळे कळतं. दर तीन-चार महिन्यांनी सगळे पुन्हा गच्चीवर एकत्र आणा. एवढं केल्यावर एकमेकांच्या तुलनेत ते विश्वासाचे होतात, आणि फरक मोजायला तेवढं पुरतं. खऱ्या आकड्याशी मेळ घालायचा असेल तर अंशांकनाच्या वायूचं सिलिंडर किंवा मोठ्या संस्थेतलं लाखो रुपयांचं यंत्र लागतं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे किंवा पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेकडे रीतसर पत्र पाठवून आपला एक सेन्सर काही दिवस त्यांच्या यंत्राशेजारी ठेवता येईल का, असं विचारायला हरकत नाही.

आकडे वाचताना

सगळ्यात मोठी फसगत पहाटेच्या आकड्यांनी होते. सप्टेंबरात पहाटे पाचला शहराबाहेरचा सेन्सर ४७०-४८० दाखवेल. रस्त्यावर एकही वाहन नसेल. तो वायू जमिनीचा आणि पिकांचा आहे. रात्री सोयाबीन, ऊस, हळद आणि मातीतले सूक्ष्मजीव श्वास सोडतात, वारा पडलेला असतो आणि थंड हवेचा थर सगळं जमिनीलगत दाबून ठेवतो. दुपारी तीच पिकं कार्बन शोषतात आणि शेतातला आकडा जगाच्या सरासरीच्याही खाली जातो. शहराच्या आकड्यातून बाहेरचा आकडा वजा केला की हा श्वास बराचसा निघून जातो, पूर्णपणे मात्र नाही. म्हणून शहराचा धूर बघायचा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. सोयाबीन निघालेलं असतं, थंडीत सकाळचा थर दाट असतो आणि पाऊस नसतो. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे आकडे साठवा, पण त्यावर निष्कर्ष काढू नका.

तुलना नेहमी त्याच तासाची त्याच तासाशी करा. मंगळवारची सकाळ आठ ते नऊ, रविवारची सकाळ आठ ते नऊ. यार्ड चालू असलेला आठवडा आणि आवक बंद ठेवलेला आठवडा. हळदीच्या हंगामात यार्डाबाहेर ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, आवक इतकी वाढते की बाजार समितीला कधी खरेदी थांबवावी लागते. इंजिन चालू ठेवून उभा असलेला मोठा ट्रक तासाला दोनेक लिटर डिझेल जाळतो, म्हणजे पाच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. रांगेला टोकन दिलं, गाड्यांना थांबायला वेगळी जागा दिली, तर यार्डाजवळच्या सेन्सरचा सकाळचा फरक किती उतरतो, हे बाजार समितीला दाखवण्यासारखं काम आहे. रामलीला मैदानावरचा दसरा महोत्सव, बसस्थानकाजवळचा वाहतुकीतला बदल, बायपासवर वळवलेली जड वाहनं, यांचंही असंच आधी-नंतर बघता येतं.

यासाठी सेन्सरांबरोबर एक साधी नोंदवही हवी. आज वीज किती वेळ गेली आणि दुकानांचे जनरेटर चालू होते का, रस्ता खोदला होता का, मोर्चा होता का, कचरा पेटला होता का, पाऊस आला का. ही वही नसेल तर सहा महिन्यांनी आलेखातल्या एखाद्या उंच टोकाकडे सगळे नुसते बघत बसतात. एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी रोज दहा मिनिटं देऊन ती लिहू शकते आणि माझ्या मते सगळ्या जाळ्यात तिचंच काम सर्वांत मोलाचं आहे.

जमत असेल तर दोन-तीन जागी कार्बन मोनॉक्साइडचा विद्युतरासायनिक सेन्सरही लावा. पिकांच्या श्वासात तो नसतो. दोन्ही वायू एकत्र चढले तर काहीतरी जळतंय, आणि मोनॉक्साइड जास्तच चढला तर अर्धवट जळतंय: कचरा, ओलं लाकूड, काड. एकटा कार्बन डायऑक्साइड चढला तर आधी पिकं, माती आणि थंड हवेचा थर यांचा विचार करा.

एक जबाबदारीही आहे. रस्त्यावरच्या ४५० पीपीएमने कुणी आजारी पडत नाही. 'अमुक चौक सर्वांत विषारी' अशी बातमी या आकड्यांवरून देऊ नका, कुणी मागितली तरी. माणसांच्या फुप्फुसांची काळजी असेल तर त्यासाठी पीएम २.५ या बारीक धूलिकणांचे सेन्सर वेगळे लावायला हवेत. कार्बन डायऑक्साइड हवामानाचा प्रश्न आहे. जळणाऱ्या इंधनाची खूण म्हणून आपण तो मोजतो.

इंधनाची वही

एकूण उत्सर्जनाचा आकडा इथून येतो, आणि त्याला सेन्सर लागत नाही. नगरपालिकेच्या किंवा महाविद्यालयाच्या पत्रावर शहरातल्या पेट्रोलपंपांकडून महिन्याची विक्री मागा, एकेका पंपाचं नाव जाहीर करणार नाही असं लिहून देऊन. गॅस एजन्सीकडून सिलिंडरांची संख्या. घरगुती १४.२ किलोचा एक सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. एसटी आगाराचा डिझेलचा खप वेगळा घ्या. पंपावर भरलेलं सगळं इंधन शहरात जळत नाही. नांदेड-अकोला मार्गावरच्या गाड्या टाकी भरून पुढे जातात. म्हणून चौकांत एक-दोन दिवस वाहनांची मोजणी करून स्थानिक हिस्सा ठरवावा लागतो, आणि तो अंदाज आहे हे तिथेच लिहावं लागतं.

विजेचा रकाना वेगळा ठेवा. हिंगोलीत जळणाऱ्या दिव्याचा धूर परळी, पारस, चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणच्या चिमण्यांतून निघतो. आपल्या सेन्सरला तो कधीच दिसणार नाही. देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो आहे. महावितरणच्या विक्रीच्या आकड्याला त्याने गुणलं की बहुधा हाच रकाना सगळ्यात जड निघेल, आणि मग पथदिवे आणि पाणीपुरवठ्याचे पंप यांच्याकडे नगरपालिकेचं लक्ष जाईल.

हळद शिजवण्याचाही रकाना हवा, वसमतकरांना तर हवाच. फेब्रुवारी ते एप्रिल शेतोशेती वाफेचे बॉयलर चालतात, खाली लाकूड, तुराट्या, पऱ्हाट्या जळतात. तुराट्यांमधला कार्बन त्याच वर्षी पिकाने हवेतून घेतलेला असतो, म्हणून आंतरराष्ट्रीय हिशोबाच्या पद्धतीत जैविक इंधनाचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या एकूण बेरजेत न धरता बाजूला लिहितात. तसाच लिहा, पण लिहा. बांधावरची बाभूळ किंवा लिंब तोडून जाळला असेल आणि त्या जागी झाड लावलं नसेल, तर तो कार्बन परत शोषला जाणार नाही. क्विंटलभर हळदीला किती सरपण लागलं, हे गावोगावच्या बॉयलरवाल्यांना विचारून लिहिलं तर कोणत्या रचनेचा बॉयलर कमी लाकडात काम करतो तेही कळेल. शेतकऱ्याचा त्यात थेट पैशाचा फायदा आहे.

वेळापत्रक असं ठेवता येईल. दिवाळीनंतर सेन्सर आणून पेट्या तयार करा. नोव्हेंबरच्या शेवटी पंधरा दिवस एका गच्चीवर. डिसेंबरच्या मध्यापासून जागोजागी. फेब्रुवारी संपेपर्यंत हवेचा मुख्य हंगाम, मार्च-एप्रिल हळदीचा. मेच्या उन्हात सगळे खाली उतरवून पुन्हा एकत्र तपासणी, आणि त्याच महिन्यात इंधनाच्या वहीची बेरीज. नोंदींच्या तक्त्यात तारीख-वेळ, सेन्सर क्रमांक, मूळ वाचन, तापमान, आर्द्रता, दाब, दुरुस्त वाचन आणि शेरा एवढे रकाने हवेत. मूळ वाचनाचा रकाना कधीही पुसू नका. दुरुस्तीचं सूत्र पुढच्या वर्षी सुधारेल, तेव्हा त्या रकान्यापासूनच पुन्हा सुरुवात करावी लागते. तक्त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक नगरपालिकेत द्या, म्हणजे आजचे विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावरही पुढच्या तुकडीला काम तिथूनच उचलता येईल.